सार्वजनिक निधीचा प्रकल्प : नियोजन आणि व्यवस्थापन यांचा अभ्यास

शासकीय निधी ही कोणाची कृपा नव्हे. ती जनतेच्या करातून उभी राहिलेली सामाईक पुंजी होय. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारी मुले-मुली उद्या सरपंच, अभियंता, ग्रामसेवक वा संशोधक होतील आणि ही पुंजी त्यांच्या हाती येईल. ती कशी वापरावी, हे शिकावे लागते. त्या शिक्षणाची रूपरेषा आम्ही येथे मांडत आहोत.

विनयातील दृष्टी

सामाईक संपत्तीच्या व्यवस्थेचा विचार विनयपिटकात सूक्ष्मपणे केलेला आहे. संघाचा भांडागारिक संघाच्या संमतीनेच नेमला जाई. तो आसक्ती, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, आणि काय सुरक्षित आहे व काय नाही याचे त्याला ज्ञान असावे, अशी अट होती. नव्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूस नवकम्मिक म्हणत. क्षुल्लक डागडुजीसाठीही वीस-तीस वर्षांकरिता काम सोपविले जाऊ लागले, तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला : काम पाहून मुदत द्यावी, लहान विहारास ५-६ वर्षे, मोठ्या विहारास १०-१२ वर्षे. संमती, पात्रता, नोंद आणि मुदत हे चार आधार आजच्या प्रकल्पासही लागतात.

बाबासाहेबांचे कार्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीचा प्रश्न पुढे आला. केवळ पूर रोखणारा बांध न बांधता पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. जलमार्ग व सिंचनासाठी केंद्रीय तांत्रिक आयोग १९४५ साली स्थापन झाला. दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली अस्तित्वात आले. आधी प्रश्नाचा समग्र अभ्यास, मग तज्ज्ञ यंत्रणा आणि त्यानंतर बांधकाम, असा हा क्रम आहे.

रोजगार हमीचा धडा

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्याचे मुख्यमंत्री पुसदचे वसंतराव नाईक होते. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना त्याच वर्षी राज्यभर लागू झाली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेसाठी पैसा कोठून येणार, हे अनिश्चित ठेवले नव्हते. व्यवसाय कर आदी मार्गांनी जमणाऱ्या रकमेइतकीच भर शासनाने घालावी, अशी तरतूद होती. मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६०:४० ठरविले गेले, जेणेकरून निधी यंत्रांवर न जाता मजुरांच्या हाती पडावा. मागणी येण्यापूर्वीच कामांची यादी तयार ठेवणे आवश्यक होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेपुढील सामाजिक अंकेक्षणाची जोड दिली.

प्रकल्पाच्या पायऱ्या

गावच्या नाल्यावर सिमेंट बंधारा बांधावयाचा आहे, असे समजू. पहिली पायरी पाण्याच्या ताळेबंदाची : पाऊस किती पडतो, किती अडतो, पिकांना व माणसांना किती लागतो. २०१८ पासून यवतमाळसह १५ जिल्ह्यांत राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाचा आराखडा अशाच ताळेबंदावर उभारला गेला. त्यानंतर ग्रामसभेचा ठराव व अंदाजपत्रक. प्रशासकीय मान्यतेने कामाची गरज व निधी स्वीकारला जातो. तांत्रिक मान्यतेने आराखडा व दर योग्य असल्याची खात्री होते. पुढे निविदा आणि कार्यारंभ आदेश. झालेले काम मोजमाप पुस्तिकेत नोंदल्यावरच देयक निघते. अखेरीस पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र. तरीही एक पायरी बहुधा विसरली जाते, ती देखभालीची. गाळ कोण काढणार आणि त्यासाठी पैसा कोठून येणार, हे अंदाजपत्रकाच्या वेळीच ठरले नाही, तर बंधारा कागदावर पूर्ण होतो आणि नाला कोरडाच राहतो.

संशोधन प्रकल्प

संशोधनाचा निधीही जनतेचाच असतो. मात्र त्याचे फळ आधी सांगता येत नाही. कोरडवाहू कपाशीच्या नव्या वाणाची चाचणी घ्यावयाची, तर शेजारी प्रचलित वाण लावावे लागते, तीच चाचणी अनेक वाफ्यांत आणि एकाहून अधिक हंगामांत करावी लागते. एका चांगल्या पावसाचे यश वाणाच्या नावे मांडणे ही फसवणूक ठरते. वाण अपयशी ठरला तरी त्याची प्रामाणिक नोंद हेही फलित होय. तिच्यामुळे पुढील शेतकऱ्याचे नुकसान टळते.

आमचे आवाहन

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या गावातील एक तरी काम अभ्यासासाठी निवडावे. त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि उपयोगिता प्रमाणपत्र पाहावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागदपत्रांच्या प्रतींबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचे नमुने घेण्याचाही अधिकार नागरिकास दिला आहे. ज्या वस्तीला हे कागद वाचता येतात, तिच्या वाट्याचा निधी सहजासहजी दुसरीकडे वळत नाही. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्यात हेही शिकणे आले, असे आम्ही मानतो.