थंडीतले पॉलिश आणि बंद खिडक्या

डिसेंबरात साताऱ्याला किंवा सांगलीला घरातल्या टेबलाला पॉलिश करायचे म्हटले, की पेच पडतो. खिडक्या उघडाव्यात तर गारठा, लावून घ्याव्यात तर वासाने डोके उठते. मग कमी वासाचे पॉलिश कोणते? त्यासाठी थर वाळतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहू.

जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि या क्रियेत उग्र वासाची संयुगे बाहेर पडतात. थंडीत क्रिया मंदावते. म्हणून वासही अधिक दिवस रेंगाळतो. पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशाला वास कमी असतो. पण पाणी उडाल्यावर त्यातले सूक्ष्म कण एकमेकांत मुरावे लागतात. सुमारे 10 अंश सेल्सिअसच्या खाली पुष्कळशा वार्निशांत ते नीट मुरत नाहीत आणि थर ठिसूळ होतो.

तिसरा मार्ग लाखेचा. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी व तंबोरे बनत आहेत. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा वाद्यांना चकाकी देण्याची जुनी रीत म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडा लाख बोळ्याने थरावर थर चढवणे. लाख ही एका किड्याची देणगी आहे. वाळलेल्या लाखेला जवळजवळ वास नसतो. वास येतो तो स्पिरिटचा, आणि ते लवकर उडून जाते.

पण किती लवकर? अल्कोहोलचा संपृक्त बाष्पदाब 30 अंशांना सुमारे 79 मिलिमीटर, 20 अंशांना 44 आणि 10 अंशांना 24 असतो. म्हणजे तापमान 10 अंशांनी उतरले, की उडण्याची ओढ जवळजवळ निम्मी होते.

आता 44 ला हवेच्या 760 मिलिमीटर दाबाने भागा. उत्तर येते 5.8 टक्के. हवेत अल्कोहोलची वाफ साधारण 3.3 टक्के झाली, की ती पेट घेऊ शकते! शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. तेव्हा खोली ऊबदार राहावी म्हणून शेजारी शेगडी ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रणच. नाकावरही विसंबू नका; थोड्या वेळाने ते वासाला सरावते आणि वाफ मात्र तेवढीच असते. (जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तो आपोआपही पेटतो. तो पाण्यात भिजवून ठेवावा.)

थंडीतली आणखी एक तक्रार सुतार सांगतात: पॉलिशवर पांढरी झाक येते. समजा, सकाळी खोलीत 18 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे 13.5 अंश. स्पिरिट उडताना पृष्ठभागातली उष्णता नेते. पृष्ठभाग पाच अंशांनी गार झाला, की ओल्या थरावर दव धरते. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती पांढरट होऊन बाहेर पडते. थर्मामीटरच्या फुग्यावर स्पिरिटचा कापूस गुंडाळून वारा घाला. पारा किती उतरतो ते दिसेल. प्रयोग शिक्षकांसमोरच करा, जवळपास ज्योत नको.

माझे मत विचाराल, तर अभ्यासाच्या टेबलाला लाखच बरी. लाकूड आधी उन्हात तापवावे, काम दुपारी हवा कोरडी असताना करावे आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चहाचे गरम कप ठेवण्याच्या टेबलाला मात्र लाख नको, ती उष्णतेने मऊ पडते. तिथे पाण्याचे वार्निश घ्यावे, आणि तेही दुपारीच लावावे.