पंगतीविषयी बाळास



वसतिगृहात मुलांत भेद करून तू दोन पंगती मांडू दिल्यास, अशी वार्ता तुमच्या गावाहून आलेल्या गृहस्थांनी परवा सांगितली, तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. तू रजेवर असता व्यवस्थापकांनी परस्पर तसे केले असेल. परंतु रुजू झाल्यावरही तू ती दुसरी पंगत मोडली नाहीस, हे मला सोसवत नाही.

अमेरिकेतल्या केंटकीच्या जॉन फी या पाद्र्याचे चरित्र तू लहानपणी माझ्याकडूनच ऐकलेस. गुलाम बाळगणाऱ्या बापाच्या पोटी १८१६ साली जन्मलेला, दास्याचा धिक्कार केला म्हणून वारशाला मुकलेला आणि १८५९ च्या डिसेंबरात सशस्त्र मंडळींनी दहा दिवसांची मुदत देऊन मुलखाबाहेर घालविलेला हा पुरुष, तिकडची यादवी चालू असताच परतून कॅम्प नेल्सनच्या छावणीत कृष्णवर्णीय शिपायांना अक्षरे शिकवू लागला. तेथे १८६५ साली त्याने बेल मिचेल ही कृष्णवर्णीय शिक्षिका नेमली. ती भोजनगृहात मेजाशी बसताच गोरी मंडळी जेवण टाकून उठली. तिला दूर करावे असा आग्रह झाला, तो फीने साफ धुडकावला. पुढे तो बाहेरगावी जाताच, ती संधी साधून, तिला बडतर्फ करण्यात आले. बाळ, तुझी हकीकत ऐकल्यापासून हाच प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. फीने मात्र हाय खाल्ली नाही. १८६६ मध्ये बेरियाच्या त्याच्या शाळेत कृष्णवर्णीय मुली आल्या तेव्हा कित्येक गोरी मुले निघून गेली, तरी त्याने भेद मानला नाही, आणि पहिल्याच वर्षी १८७ विद्यार्थ्यांत ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे एकत्र शिकले. १९०१ साली तो वारला. १९०४ च्या कायद्याने ते एकत्र शिक्षण बंद पाडले. पण स्वतःच्या देखत त्याने भेद चालू दिला नाही; म्हणून म्हणतो, ती पंगत आज तुझ्या देखत मोड.

ती मोडल्यास तुझ्या वडिलांच्या, दादांच्या, क्रोधाची धास्ती तुला आहे हे मी जाणतो. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, धाकाने शिक्षकीचा विचार सोडून मी कचेरीत कारकुनी धरली, ती हुरहूर पेन्शनीतही सरली नाही.

फार कठोर लिहिले, राग धरू नकोस. दादांनी दार लावलेच तर सरळ इकडे ये. काकूने तुझी खोली झाडून ठेवली आहे. खोकला कसा आहे ते कळव. दहा रुपयांची मनिऑर्डर केली आहे; ते औषधालाच खर्च कर, मुलांच्या वह्यांसाठी मी निराळे पाठवीन.

तुझा काका