उन्हाळ्यात द्राक्षमळ्यावर जाताना

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी नाशिकला येतात. पूर्वी पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि परतताना चिवडा एवढ्यावर भागायचं. आता गंगापूर धरणाच्या बाजूची एखादी वायनरीही यादीत असते. साहजिकच एप्रिलपासून दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. टेस्टिंगला दोन घोट घेतले तर चालेल ना?"

गोळ्यांकडे येतो, पण आधी उन्हाचं बोलू. मे महिन्यात वेलीवर द्राक्षं नसतात, हे पुष्कळांना तिथं पोचल्यावर कळतं. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उरकते, एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, आणि तुम्ही जाता तेव्हा वेलींवर जेमतेम नवी फूट असते. फोटोसाठी भर दुपारी मळ्यात उभं राहण्याजोगं काही नाही. नाशिक थंड असतं ही समजूतही आता जुनी झाली, मेमध्ये पारा चाळिशीपर्यंत जातो. मळा सकाळी दहाच्या आत पाहून घ्या किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधली दुपार छपराखाली काढा.

उन्हात घाम येतो, शरीरातलं पाणी कमी होतं. अशा वेळी मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं. मद्यार्क नेमकं तेच संप्रेरक दाबतो. म्हणजे घामावाटे जातंय ते जातंच, वर लघवीवाटेही जातं. त्यात थंडगार शेनिन ब्लाँ किंवा रोझे समोर आली की तहानलेला माणूस ती सरबतासारखी पितो. म्हणून माझा पहिला नियम: तहान पाण्यानं भागवायची, वाइन त्यानंतर. टेस्टिंगला बसण्याआधी दोन ग्लास पाणी, मग प्रत्येक नमुन्यामागे निदान अर्धा ग्लास. लिंबू सरबत, ताक, ओआरएस काहीही चालेल. शुगरवाल्यांनी सरबत बिनसाखरेचं घ्यावं, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितलंय त्यांनी ही सहल थंडीत करावी.

"टेस्टिंग म्हणजे घोटभरच" हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. हिशेब करून पाहा. एक नमुना 30 मिलीचा धरला तरी पाच नमुन्यांत 150 मिली होतात, म्हणजे एक पूर्ण ग्लास. 12 टक्क्यांच्या वाइनमधून एवढ्यात साधारण 14 ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. साठ किलोचा पुरुष उपाशीपोटी हे पाच नमुने भराभर प्यायला, तर तो या मर्यादेच्या आसपास पोचतो. बायकांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असल्यामुळे त्या ती लवकर ओलांडतात. आणि पाचव्या नमुन्यावर थांबतो कोण? यकृत आपल्या चालीनं तासाला ढोबळ सात-आठ ग्रॅम मद्यार्क निकालात काढतं. लिंबू, ताक किंवा कडक कॉफीनं ती चाल वाढत नाही. तेव्हा न पिणारा चालक घरून निघतानाच ठरवा. तिथं गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्यांचा चालक बहुधा सगळ्यात कमी प्यायलेला माणूस असतो, आणि ते पुरेसं नाही.

टेबलावर थुंकण्यासाठी भांडं असतं. आपल्याकडे त्याचा फार संकोच. पैसे मोजलेत आणि थुंकायचं? पण ज्यांचं पोट या धंद्यावर आहे ते जाणकार दिवसभर हेच करतात. वास, चव सगळं कळतं आणि पोटात अगदी थोडं जातं.

उपाशीपोटी जाऊ नका. पोटात अन्न असलं की मद्यार्क रक्तात सावकाश उतरतो. मात्र नाशिकला आलोय म्हणून सकाळी तर्रीदार मिसळ आणि लगेच वर आंबट वाइन, ही जोडी माझ्यासारख्या डॉक्टरांचा धंदा वाढवते. थालीपीठ-दही, पोळी-भाजी, अंडी असं काहीतरी भरपेट खा. मिसळ दुसऱ्या दिवशी.

आता गोळ्या. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोलचा कोर्स चालू असेल, किंवा संपून तीन दिवस झाले नसतील, तर एक घोटही नको. उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद होणं असे प्रकार होऊ शकतात. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या घेतल्या असतील त्या दिवशी वाइन नाही. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. थंड तळघरातल्या पिंपांपासून एकदम उन्हात आल्यावर भोवळ येऊन पडणाऱ्यांत ही मंडळी असतात. तरी बीपीची गोळी मनानं चुकवू नका, वाइन चुकवा. वाइनमधल्या सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते. पंप खिशात हवा, गाडीत नाही. गरोदर बाईनं चवही घेऊ नये. आणि रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून औषधासारखी घेणाऱ्यांसाठी: मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मजा म्हणून घेत असाल तर मजा म्हणा, हृदयाला मध्ये आणू नका.

मला खरी भीती आहे ती "झोपू दे, उतरेल" या वाक्याची. जीभ अडखळते, माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो. ही नशा असू शकते, उष्माघात असू शकतो, किंवा साखर उतरलेली असू शकते. तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात आणि वाइनचा वास आला की बाकी दोन कोणाला सुचतच नाहीत. म्हणून हात लावून पाहा. अंग तापलेलं असेल तर 108 ला फोन करा, सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगभर पाणी ओतून वारा घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नका. मधुमेही असेल आणि घाम सुटून थरथरत असेल तर ग्लुकोमीटरची वाट न पाहता साखरेचं पाणी द्या, पण शुद्धीवर असेल तरच. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर वळवा आणि एकटं सोडू नका.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं. मद्यार्क फोडण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडायचं काम मागे टाकतं, त्यामुळे साखर कित्येक तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरू शकते. दुपारी टेस्टिंग झालं तरी रात्रीचं जेवण टाळू नका, झोपण्यापूर्वी साखर तपासा, आणि खोलीत सोबत झोपणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.