हँगिंग रॉकवरील शोध : एका रहस्यकथेचा अभ्यास

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना रहस्यकथांचें वेड असतें. ग्रंथालयांतून नेलेलें पुस्तक एका रात्रींत संपवून दुसऱ्या दिवशीं परत करणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. तसेच शेवटचीं चार पानें आधीं वाचून मग पहिल्या पानाकडे वळणारेही पाहिले आहेत. या आवडीला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. हरवलेलें माणूस सांपडेल कीं नाहीं, ही उत्कंठा मनुष्यस्वभावांतच आहे. परंतु अशी कथा वाचावी कशी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचा विचार करण्यासाठीं आम्हीं मुद्दाम अशी एक कादंबरी निवडली आहे कीं, जिचीं शेवटचीं पानें आधीं वाचून कांहींच उपयोग होत नाहीं.

ही कादंबरी म्हणजे ऑस्ट्रेलियन लेखिका जोन लिंडसे यांची 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक'. ती १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. १९७५ सालीं पीटर वीअर यांनीं तिच्यावर बोलपट काढला आणि तिची कीर्ति दूरवर पसरली. हँगिंग रॉक हें स्थळ काल्पनिक नाहीं. व्हिक्टोरिया प्रांतांत, मेलबर्न शहराच्या वायव्येस सुमारें ७० किलोमीटरांवर, माउंट मॅसिडन नांवाच्या डोंगराजवळ तें आहे. सुमारें ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखींतून वर आलेला घट्ट रस थिजून हा खडक बनला. पुढें ऊन, वारा व पाऊस यांनीं तो झिजला आणि त्यांत उभे सुळके, अरुंद घळी व खोल भेगा तयार झाल्या. सभोंवतालच्या सपाटीपासून त्याची उंची १०० मीटरांहून थोडीच अधिक आहे. तेव्हां हें कांहीं अफाट अरण्य नव्हे. तरीही त्या सुळक्यांच्या दाटींत शिरलेलें माणूस दहा पावलांवर असून दृष्टीस पडत नाहीं. लेखिकेनें हीच जागा कां निवडली, तें यावरून कळेल.

कथा एका मुलींच्या निवासी शाळेची आहे. १४ फेब्रुवारी १९०० रोजीं मिसेस ॲपलयार्ड यांच्या शाळेंतील मुली वनभोजनासाठीं घोडागाडींतून हँगिंग रॉकला येतात. दुपारीं बारा वाजतां गाडीवानाचें आणि गणिताच्या शिक्षिका मिस मॅक्रॉ यांचें, अशीं दोन्ही घड्याळें बंद पडतात. जेवणानंतर मिरांडा, मेरियन, अर्मा आणि ईडिथ या चार मुली खडक जवळून पाहण्याची परवानगी घेऊन ओढा ओलांडतात. कांहीं वेळानें ईडिथ एकटीच किंचाळत धांवत परत येते. बाकीच्या तिघी येत नाहींत. आणि इकडे मिस मॅक्रॉही नाहींशा झाल्याचें ध्यानांत येतें.

येथून शोधाला आरंभ होतो. रानांत हरवलेल्या माणसाचा शोध घेणाऱ्यांना तीन आधार असतात. पहिला आधार वेळेचा. माणूस शेवटचें कोठें व केव्हां दिसलें हें कळलें, म्हणजे तें किती दूर गेलें असेल याचा अंदाज बांधतां येतो. दुसरा आधार साक्षीचा, आणि तिसरा जमिनीवरील खुणांचा. आतां लेखिकेनें काय केलें तें पाहा. घड्याळें बंद पाडून तिनें वेळेचा आधार काढून घेतला. ईडिथची स्मृति पुसून तिनें साक्षीचा आधार काढून घेतला; त्या मुलीला पुढें आठवतें तें एवढेंच कीं, परततांना एक तांबूस ढग दिसला आणि मिस मॅक्रॉ खडकाकडे जात होत्या. राहिला तिसरा आधार. पोलीस येतात, गांवकरी येतात, मूळ रहिवाशांपैकीं माग काढणारा एक जाणता येतो, वासावरून माग काढणारा कुत्राही आणला जातो. तो कुत्रा शिखराजवळच्या एका सपाट जागीं केंस पिंजारून गुरगुरत उभा राहतो आणि तेथून पुढें जात नाहीं. अशा रीतीनें तिन्ही आधार एकामागून एक तुटतात, आणि वाचकाच्या मनांत भीति उत्पन्न होते. या कथेंत भूत नाहीं, दरोडेखोर नाहीं, पिस्तूलही नाहीं. आधार सुटल्याची जाणीव एवढेंच तिचें भय आहे.

प्रत्यक्षांत असा शोध कसा यशस्वी होतो, हें पाहावयाचें तर त्याच प्रांताच्या इतिहासांत एक सत्य उदाहरण आहे. १२ ऑगस्ट १८६४ रोजीं विमेरा नांवाच्या भागांत नऊ वर्षांचा आयझॅक, सात वर्षांची जेन आणि चार वर्षांचाही न झालेला फ्रँक हीं भावंडें केरसुणीसाठीं झुडपांच्या काड्या आणावयास गेलीं आणि वाट चुकलीं. बापानें व शेजाऱ्यांनीं दिवसेंदिवस रान पालथें घातलें, पण वादळी पावसानें पाउलखुणा पुसल्या होत्या. शेवटीं त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकीं तिघांना बोलाविण्यांत आलें. जेथें इतरांना नुसती माती दिसत होती, तेथें त्यांना वाकलेलें गवत आणि मोडलेली डहाळी दिसली. नवव्या दिवशीं तिन्हीं मुलें जिवंत सांपडलीं. जेननें थंडीच्या रात्रीं आपला झगा काढून धाकट्या भावाच्या अंगावर घातला होता. त्यामुळें तिचें नांव तिकडील मुलांच्या तोंडीं झालें. त्या तिघां माग काढणारांपैकीं एक, डिक-अ-डिक या नांवानें ओळखला जाणारा गृहस्थ, पुढें १८६८ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघांत खेळला, हें आमच्या क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांस वाचून आनंद वाटेल.

आतां पुन्हां कादंबरीकडे वळूं. पोलिसांनीं हात टेकल्यावर मायकेल नांवाचा एक इंग्रज तरुण पुढें येतो. त्यानें त्या मुलींना ओढा ओलांडतांना पाहिलें होतें, आणि तें दृश्य त्याला झोंप येऊं देत नाहीं. आपल्या चुलत्याचा गाडीवान आल्बर्ट याला बरोबर घेऊन तो खडकावर जातो, आणि आल्बर्ट परत फिरल्यावरही रात्रीं तेथेंच राहतो. टिपणवहींतील कागद फाडून तो त्याच्या लहान लहान पताका करतो आणि आपण पाहिलेल्या वाटेवरील झुडपांना त्या लावीत जातो. दुसऱ्या दिवशीं त्याच पताकांच्या मागोमाग जाऊन आल्बर्ट त्याला गांठतो, तेव्हां मायकेल बेशुद्ध पडलेला असतो. त्याच्या वहींत खरडलेल्या अर्धवट शब्दांवरून पुन्हां शोध होतो आणि आठवडा उलटल्यावर अर्मा जिवंत सांपडते. शास्त्र व अधिकार थकल्यावर एका माणसाची तळमळ कामास आली, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तसेंच, आपण पाहिलेल्या जागेची खूण ठेवून पुढें जाणें ही शोधकाची पहिली शिस्त होय. ती पाळली नसती तर खडकावर आणखी एक बळी गेला असता.

परंतु अर्माला कांहींच आठवत नाहीं. मिरांडा, मेरियन आणि मिस मॅक्रॉ यांचें काय झालें तें पुस्तक मिटेपर्यंत कळत नाहीं. ही हकीकत खरी आहे काय, असें लेखिकेस अनेकांनीं विचारलें. पण तिनें प्रस्तावनेंतच तो निर्णय वाचकांवर सोपविला आहे. याबाबतींत विद्यार्थ्यांनीं एक लहानसा शोध स्वतः घ्यावा. कादंबरींत वनभोजनाचा दिवस शनिवार आहे. १९०० सालचें पंचांग काढून पाहिलें तर १४ फेब्रुवारीस बुधवार होता असें आढळेल. लिंडसे यांनीं शेवटीं उलगडा करणारें एक प्रकरण लिहिलें होतें. तें छापण्यापूर्वीं गाळण्यांत आलें आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. तें गाळलें हें योग्यच झालें, असें आमचें मत आहे. उत्तर मिळालें कीं वाचक पुस्तक मिटवितो आणि विसरतो. उत्तर न मिळालें म्हणजे तो मागें वळतो, आणि पहिल्या वाचनांत नजरेंतून सुटलेलें असें कांहीं त्याला दिसूं लागतें.

त्यांत सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सारा. त्याच शाळेंत सारा नांवाची एक लहान अनाथ मुलगी होती. नेमून दिलेली कविता तिला पाठ झाली नाहीं, म्हणून वनभोजनाच्या दिवशीं तिला एकटीला शाळेंत ठेवण्यांत आलें. तिची फी थकली होती. तिला जीव लावणारी मिरांडाच काय ती एक होती, आणि तीच आतां परत येणार नव्हती. साऱ्या गांवाचे डोळे खडकाकडे लागले, वृत्तपत्रें त्याच वार्तेनें भरलीं, पालक आपापल्या मुली काढून नेऊं लागले. अर्मा निरोप घ्यावयास शाळेंत आली, तेव्हां वर्गभगिनी तिच्याभोंवतीं गर्दी करून, काय झालें तें सांग, म्हणून तिच्या अंगावर अक्षरशः तुटून पडल्या. या सगळ्या गडबडींत सारा दिवसेंदिवस खंगत गेली. पुढें ती शाळेंत दिसेनाशी झाली, तेव्हां मुख्याध्यापिकेनें तिचा पालक तिला घेऊन गेला असें सांगितलें आणि सर्वांनीं तें खरें मानलें. अखेर शाळेच्या मनोऱ्याखालीं, फुलझाडांमध्यें, तिचें प्रेत माळ्याला आढळलें.

आणखी एक गोष्ट लेखिकेनें हलक्या हातानें सांगितली आहे. ज्या आल्बर्टनें मायकेलचा माग काढला, तो लहानपणीं अनाथाश्रमांत वाढला होता आणि तेथें त्याची एक धाकटी बहीण मागें राहिली होती. ती बहीण म्हणजेच सारा. परक्यांच्या मुलींसाठीं जो खडक चढला, अर्माच्या वडिलांनीं ज्याला मोठें इनाम धाडलें, त्याची स्वतःची हरवलेली बहीण थोड्याच मैलांवर एका खोलींत रडत होती, आणि हें दोघांनाही कधींच कळलें नाहीं.

या कथेचें खरें रहस्य आम्हांस येथें दिसतें. खडकावर हरवलेल्या चौघींना शोधण्यासाठीं माणसें, घोडे, कुत्रे सर्व कांहीं होतें. सारा मात्र रानांत हरवली नव्हती, म्हणून तिला कोणी हरवलेली समजलेंच नाहीं. वेळ, साक्ष आणि खुणा हे तिन्ही आधार तिच्या बाबतींत शाबूत होते. तिचें न जेवणें, तिचे सुजलेले डोळे, तिची रिकामी खुर्ची यांचा माग काढावयास कोणा जाणत्याची गरज नव्हती. विमेराच्या रानांत सात वर्षांच्या जेनला जें सुचलें, तें शाळेंतील मोठ्यांपैकीं कोणाला वेळेवर सुचलें असतें तर पुरें होतें.

शंभर मेंढरांपैकीं एक चुकलें असतां त्याच्या मागें जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण शाळेंत अनेकदां ऐकतों. तो मेंढपाळ निघाला याचें पहिलें कारण हें कीं, त्यानें मेंढरें मोजलीं होतीं. आम्हां शिक्षकांना हजेरीच्या वेळीं रोज तीच संधि मिळते. एखाद्या नांवाला उत्तर आलें नाहीं तर पुस्तकांत खूण करून आम्ही पुढचें नांव पुकारतों. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही कादंबरी अवश्य वाचावी. वाचून झाल्यावर मिरांडा कोठें गेली याचा तर्क त्यांनीं खुशाल करावा. पण त्याआधीं आपल्या बाकावर शेजारीं बसणारा सोबती चार दिवस कां आला नाहीं, याची त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी.