प्रेअरीवरील मळणी

कॅनडाच्या पश्चिमेस मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांत ‘प्रेअरी’ नावाचा अफाट गवताळ प्रदेश पसरला आहे. १८७२ साली तेथील सरकारने कायदा करून अवघे १० डॉलर शुल्क भरणाऱ्या वसाहतकऱ्यास १६० एकर जमीन देऊ केली. तेथे घर बांधून राहावे व जमीन कसावी, अशी अट होती. ही भूमी निर्मनुष्य मात्र नव्हती. बायसनच्या कळपांवर निर्वाह करणाऱ्या मूळ जमातींची ती होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

येथील शेतकऱ्याचा खरा वैरी म्हणजे थंडी. गहू वसंतात पेरावयाचा आणि उन्हाळा सरता सरता कापावयाचा. गोठवणारी एकच रात्र अवेळी आली, तरी कोवळा दाणा सुरकुतून जाई. म्हणून पीक तयार होताच घरातील लहानथोर सारे शेतात उतरत. घोड्यांनी ओढलेले ‘बाइंडर’ यंत्र गहू कापी व सुतळीने त्याच्या पेंढ्या बांधी. मागून येणारी माणसे त्या पेंढ्या, ओंब्या वर करून, एकमेकींना टेकवून उभ्या करीत. त्यामुळे पावसाचे पाणी निथळून जाई आणि वाऱ्याने पीक वाळे.

मग सुरू होई ती मळणीची प्रतीक्षा! मळणीयंत्र फार महाग. ते सर्वांपाशी कोठून असणार? एकच यंत्र शेतामागून शेत फिरे. वाफेचे इंजिन बहुधा गव्हाच्या काडावरच चाले. ठिणगी उडून पीक पेटू नये, म्हणून ते दूर उभे करीत आणि लांबलचक पट्ट्याने मळणीयंत्र फिरवीत. आत दातेरी नळकांडे दाणे झोडून काढी, चाळण्या व पंखा भूस वेगळे करीत. सोबत वीसेक गडी असत. त्यांचे जेवणखाण घरच्या स्त्रियांनी पहाटेपासून रांधावयाचे. पाऊस आला की यंत्र थांबे, पण गड्यांची भूक थोडीच थांबते! खाण्याचा खर्च मात्र चालूच राही.

ज्याची पाळी शेवटची, त्याचा जीव टांगणीला लागे. कधी यंत्र येण्याआधीच बर्फ पडे, पेंढ्या त्याखाली गाडल्या जात आणि मळणी वसंतापर्यंत लांबणीवर पडे. मग सावकाराची व दुकानदाराची उधारी फेडावयाची कशी?

ज्याची मळणी वेळेवर उरके, तो धान्य गाडीत भरून रेल्वे स्थानकाकडे निघे. शेतात उरलेल्या काडाच्या राशी पुष्कळदा पेटवून देत. रात्री त्यांच्या ज्वाळा कोसच्या कोस दिसत.