धडा : स्वतःसाठी काय करायचं राहून गेलं?

मैत्रिणींनो, हा धडा बैठकीत मोठ्याने वाचायचा आहे. जिला वाचता येतं तिने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. आणि ऐकणाऱ्या किती जणी आहेत, तेही एकदा मोजावं.

वाटूरला आमच्या गटात बचत, कर्जवाटप आटोपल्यावर एक प्रश्न ठेवला होता, स्वतःसाठी काय करायचं राहून गेलं? पहिलीने पोरीचं लग्न सांगितलं, दुसरीने बोअर, तिसरीने शेळ्यांचा गोठा. आम्ही म्हटलं, हे घरासाठी झालं, तुझं काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ५८ वर्षांच्या एक मावशी म्हणाल्या, "मला एसटीची पाटी वाचायची हाय. वाटूर फाट्यावर उभं राहिलं की दरवेळी विचारावं लागतं, बाबा, ही जालन्याची का परतूरची? एखादं पोरगं सांगतं, एखादं हसतं."

शेजारची लगेच बोलली, "गवऱ्या मसणात गेल्या, अन् आता शाळा कुठं!" सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, पण मान खाली घालून.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथं शिवजयंतीच्या कार्यक्रमात वाचन चाललं होतं, तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! गावातले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या. वेळ दुपारी २ ते ४, म्हणजे घरकाम उरकल्यावर. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात! सासूला सुनेने शुद्धलेखन घालावं, हे आपल्याकडे कितीजणींना चालेल, बैठकीत विचारून बघा. मला तरी वाटतं, त्या शाळेतली सगळ्यात अवघड गोष्ट बाराखडी नसेल, हीच असेल.

हे नुसत्या हौसेचं नाही. माझ्या सासूबाईंनी एका कागदावर अंगठा दिला होता. तुमची फक्त ओळख लागते, असं त्यांना सांगितलं. कागद निघाला जामीनदाराचा. कर्ज घेणारा गाव सोडून गेला आणि हप्ते आमच्या दारात आले. दोन वर्षं फेडले. सासूबाई पैशाबद्दल कधी बोलल्या नाहीत, फक्त म्हणायच्या, "मला दिसत होतं, पण कळत नव्हतं."

आता सोय काय आहे ते बघू. ज्यांना अजिबात लिहिता-वाचता येत नाही, वय १५ च्या पुढे आहे, त्यांच्यासाठी 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. वर कितीही वय चालतं. नाव गावातल्या जिल्हा परिषद शाळेत नोंदवायचं. शिकवणारा स्वयंसेवक घरातली सून, नात कुणीही असू शकतं. शेवटी १५० गुणांची चाचणी असते : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. पास व्हायला प्रत्येकात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. आपल्या राज्यात ही चाचणी पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. सकाळी १० ते ५ मध्ये आपल्याला जमेल तेव्हा जाऊन तीन तास बसायचं होतं, त्यामुळे चूल उरकून जाता आलं.

ज्या पाचवी-सातवीला शाळा सोडून लग्न करून आल्या, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं. पाचवी पास असल्याचा पुरावा आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखला माहेरच्या शाळेत असतो, म्हणून पुढच्या वेळी माहेरी गेलात की आधी तो काढून आणा, साडी-चोळी नंतर.

कुणाला वाचायचं नसेल, भजनात पेटी वाजवायची असेल, स्कूटी शिकायची असेल, तेही सांगावं. गटात एक खोड आहे आपली. काही शिकायचं म्हटलं की लगेच विचारतो, यातून महिन्याला किती सुटतील? शिवणकामाला हा प्रश्न बरोबर आहे. पेटीला विचारू नये.

वेळेचं तेवढं खरं नियोजन करा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपार मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही रात्रीच्या जेवणानंतरचा पाऊण तास धरला, आठवड्यात तीन दिवस. पहिल्या महिन्यात आठजणी होत्या, दुसऱ्यात चार. ज्या गळाल्या त्यांच्या घरी दोघीजणी जाऊन बसल्या, तेव्हा दोघी परत आल्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकच गोष्ट सांगावी आणि सचिवताईंनी ती इतिवृत्तात नावासह लिहावी. तीन महिन्यांनी तेच पान उघडायचं.

आमच्या मावशी आता 'जालना' आणि 'परतूर' वाचतात. 'छत्रपती संभाजीनगर' वाचून होईस्तोवर गाडी निघून जाते, असं त्या स्वतःच सांगतात.