लॅपटॉप सुरू होत नाही, तेव्हा...

हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रांच्या फायली यांची जागा अनेक घरांत व दुकानांत आता लॅपटॉपने घेतली आहे. दुसऱ्या दिवशी वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख आहे आणि आदल्या सायंकाळी लॅपटॉपचा पडदा काळाच राहिला, तर भल्याभल्यांचा धीर सुटतो. अशा वेळी घाईने केलेला उपाय पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान करतो. यंत्र नवे घेता येते. त्यातील माहिती बाजारात विकत मिळत नाही. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

चार पायऱ्यांची साखळी

लॅपटॉप सुरू होणे ही एकच क्रिया नसून ती चार क्रियांची साखळी आहे. प्रथम यंत्रास वीज मिळते. मग बायोस किंवा यूईएफआय ही यंत्रातील मूळ प्रणाली मेमरी, कीबोर्ड आदी भागांची तपासणी करते. त्यानंतर ती हार्ड डिस्क अथवा एसएसडी शोधते. शेवटी तेथून विंडोजसारखी कार्यप्रणाली सुरू होते. ही साखळी नेमकी कोठे तुटली, हे ओळखले की अर्धे काम झाले असे समजावे.

पहिली पायरी : वीज

बटण दाबूनही दिवा लागत नसेल व पंख्याचा आवाज येत नसेल, तर दोष बहुधा विजेचा असतो. दुसऱ्या सॉकेटमध्ये चार्जर लावून पाहावा. टाइप-सी जोडणीच्या लॅपटॉपला मोबाइलचा कमी शक्तीचा चार्जर बहुधा पुरत नाही, हेही ध्यानात असावे. नंतर चार्जर काढून, बॅटरी बाहेर निघणारी असल्यास तीही काढून, सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. आत साठून राहिलेला विद्युत्भार त्यामुळे निघून जातो. मग चार्जर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू नये, टोचू नये किंवा चार्ज करू नये. लॅपटॉप थेट तंत्रज्ञाकडे न्यावा.

दुसरी पायरी : प्राथमिक तपासणी

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी एचडीएमआय केबलने लॅपटॉप दूरदर्शन संचाला जोडून पाहावा. तेथे चित्र दिसल्यास यंत्र ठीक असून दोष पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. ठरावीक अंतराने 'बीप' ऐकू येत असतील किंवा दिवा लुकलुकत असेल, तर त्यांची संख्या मोजून लिहून ठेवावी. ती कंपनीची सांकेतिक भाषा असते आणि तंत्रज्ञाला तिचा उपयोग होतो.

तिसरी पायरी : डिस्कचा शोध

कंपनीचे बोधचिन्ह दिसल्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशा अर्थाचा संदेश आला, तर प्रथम जोडलेला पेन ड्राइव्ह काढावा. कधी कधी यंत्र त्यातच कार्यप्रणाली शोधत असते. तरीही संदेश कायम राहिल्यास बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत नसेल, तर डिस्कची जोडणी सैल झाली आहे किंवा डिस्कच निकामी झाली आहे. हार्ड डिस्कमधून 'टक-टक' आवाज येत असल्यास लॅपटॉप ताबडतोब बंद करावा. अशा स्थितीत प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक माहिती परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

चौथी पायरी : कार्यप्रणाली

विंडोज सुरू होता होता अडकत असेल, तर यंत्राचे भाग बहुधा शाबूत असतात. लागोपाठ दोन-तीन प्रयत्न फसल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथील 'स्टार्टअप रिपेअर', नुकतेच आलेले अपडेट काढणे आणि 'सेफ मोड' हे उपाय त्या क्रमाने करावेत. 'रिसेट'मधील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' या पर्यायास मात्र माहितीची प्रत हाती असल्याशिवाय हात लावू नये. एसएसडीवरून पुसलेली माहिती परत मिळणे अतिशय कठीण असते.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने याच पायरीवरचा बिघाड अनुभवला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अपडेट आले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार आपल्याकडील केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. यंत्रे धडधाकट होती. 'सेफ मोड'मध्ये जाऊन एक फाइल काढली की ती पूर्ववत चालत. परंतु ज्या संगणकांवर 'बिटलॉकर'चे कुलूप होते, तेथे आधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागली. जेथे ती चटकन सापडली नाही, तेथे दुरुस्ती खोळंबली.

हे कुलूप केवळ कार्यालयांपुरते नाही. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच ते आपोआप लागते. त्याची किल्ली सहसा त्याच खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती पाहून कागदावर लिहावी आणि महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावी. किल्ली हरवल्यास डिस्क उत्तम असूनही माहिती कायमची बंद होते.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

सेवा केंद्राचा दूरध्वनी क्रमांक वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात दिसणारे 'मदत क्रमांक' कित्येकदा भामट्यांचे असतात. दुरुस्तीसाठी ओटीपी, पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कधीही लागत नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले असतील, तर दुसऱ्या विश्वासू यंत्रावरून ते आधी बदलावेत. डिस्क बदलली गेल्यास जुनी डिस्क परत मागून घ्यावी. फसवणूक झालीच, तर विनाविलंब आपल्या बँकेस कळवावे व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दागिने आपण लॉकरमध्ये ठेवतो, ते चोरी होण्यापूर्वी. माहितीचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फायलींची प्रत स्वतंत्र डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेताच ती डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करावी. एवढी शिस्त बाळगली, तर लॅपटॉप बंद पडणे ही आपत्ती न राहता केवळ दुरुस्तीच्या खर्चाची बाब उरेल.